इंग्रजी संभाषणाचा यंत्रसाथीने सराव (कोकण किनारपट्टी)

मोबाईलवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेशी बोलून, तिच्याकडून संवाद आणि प्रश्न तयार करून घेऊन इंग्रजी बोलण्याचा केलेला सराव. बहुतेक प्रणाली बोललेले ऐकून त्याचा मजकूर करतात, त्यावर उत्तर रचतात आणि ते आवाजात ऐकवतात.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले. तरी वाचता येते पण तोंड उघडत नाही, अशी अनेकांची गत आहे. चाळीस मुलांच्या वर्गात ३५ मिनिटांच्या तासाला एकेकाच्या वाट्याला मिनिटभरही बोलणे येत नाही, शिवाय चारचौघांत हसे होण्याची भीड. यंत्रापुढे ही भीड गळून पडते, आणि हाच त्याचा सर्वांत मोठा उपयोग.

सरावाचे साहित्य मात्र आपल्या कामातले हवे. तारकर्लीला घरगुती निवास चालवणारी बाई यंत्राला सांगू शकते, ‘तू परदेशी पाहुणा, मी यजमानीण. जेवणाबद्दल चार प्रश्न विचार, चुका शेवटी सांग.’ मग कोकम आणि नारळाचे दूध घालून सोलकढी कशी करतात, हे तिला इंग्रजीत सांगावेच लागते.

बोटीवर जाणाऱ्या मुलांची गरज वेगळी. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये प्रमाणित सागरी वाक्प्रयोग, म्हणजे जहाजावर बोलायची ठरावीक इंग्रजी वाक्ये, स्वीकारले. त्यांत १५० हा आकडा ‘वन-फाइव्ह-झीरो’ असा सुटा बोलतात; सुकाणूचा कोन सांगताना मात्र १५ म्हणजे ‘फिफ्टीन’च. ‘पोर्ट फिफ्टीन’ (डावीकडे १५ अंश) असा हुकूम आला की सुकाणूवरच्याने तो तसाच परत म्हणायचा. यंत्राला हे नियम आधी वाचायला दिले नाहीत, तर ते रोजच्या इंग्रजीतच बोलत राहण्याची शक्यता असते.

उच्चारांबाबत सावध राहावे. ‘व्हॅन’ आणि ‘व्हेल’ आपण एकाच ‘व्ह’ने लिहितो. इंग्रजीत पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्याला ओठांचा चंबू होतो. वाक्यात हा फरक चुकला तरी यंत्र संदर्भावरून बरोबर शब्द लिहून टाकते आणि चूक झाकली जाते. म्हणून ‘व्हेट’ म्हणजे गुरांचा डॉक्टर आणि ‘वेट’ म्हणजे ओले, अशा जोडीतले शब्द सुटे उच्चारून पाहावेत. पडद्यावर कोणता उमटला ते कळते.

डोंगराआडच्या वाड्यांत रेंज नसते. तिथे गूगलचे ‘रीड अलाँग’ हे ॲप बरे पडते: गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेटशिवायही मूल मोठ्याने वाचते आणि अडलेला शब्द ॲप सांगते. ते वाचनापुरतेच आहे, गप्पा मारायला घरातले नाहीतर शेजारचे माणूसच गाठावे लागते.