पाडव्याला चिठ्ठी, दसऱ्याला धनुष्य

पाडव्याच्या संध्याकाळी गुढी उतरवली की आम्ही सहा जण सोलापूरच्या पाच्छा पेठेतल्या एका माळवदाच्या घरात जमतो. गुढीची साखरगाठी फोडून वाटली जाते आणि मग स्टीलच्या डब्यातून ज्यानं त्यानं एक चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीवर नाव असतं, नावाखाली मापं. यंदा माझ्या हाती आलेली चिठ्ठी अशी : ‘डावखुरा. ओढ २६ इंच. ३५ पाउंडांच्या वर नको, खांदा दुखतो.’ दसऱ्यापर्यंत या माणसासाठी आपल्या हातानं लाकडी धनुष्य करायचं. माझं धनुष्य कोण करतोय ते मला ठाऊक नसतं. पैशाचा व्यवहार नाही, विकतचं चालत नाही, आणि मोडलं तर निमूटपणे दुसरं करायला घ्यायचं.

ओढ म्हणजे दोरी गालापर्यंत आणल्यावर धनुष्याच्या मुठीपासूनचं अंतर. पाउंड म्हणजे तिथवर ओढायला लागणारं बळ. ते आम्ही भंगारातून आणलेल्या स्प्रिंगच्या काट्याला दोरी अडकवून मोजतो. बाकी सगळं त्या माणसाच्या अंगावर अवलंबून.

बघायला येणारे दोन प्रश्न हमखास विचारतात. हे खूळ काढलं कुणी? आणि लाकूड कुठलं? दोन्हींची उत्तरं शेवटी एकाच ठिकाणी येतात, म्हणून हा जरा लांबचा फेरा.

अदलाबदलीची पद्धत आमची नव्हे. अमेरिकेतल्या लाकडी धनुष्यांच्या हौशी मंडळींत ती रुळलेली आहे. आम्ही तिला आपल्या सणांच्या चौकटीत बसवलं इतकंच. चौकट बसलीही छान. माघ-फाल्गुनात लाकूड हाती येतं, उन्हाळा त्याला वाळवतो, पावसाळ्यात तासून होतं. दसऱ्याला तर वेगळं कारण शोधावंच लागत नाही. शमीच्या झाडावरून शस्त्रं उतरवायचा दिवस तो, आणि एकमेकांना सोनं द्यायचाही तोच. ज्या आपट्याची पानं आपण लुटतो, त्याच्या सालीच्या धाग्याचे दोर वळतात, ही गोष्ट मात्र फार कुणाच्या लक्षात नसते.

धनुष्य माणसाच्या मापाचं असावं हा विचार आपल्याकडे इतका मुरलेला की धनुष्य हेच एक माप झालं : चार हात म्हणजे एक धनु, म्हणजे ९६ अंगुळं. सिकंदराबरोबर आलेल्या निआर्कसनं इथल्या पायदळाचं वर्णन केलंय, त्यात धनुष्य धरणाऱ्याच्या उंचीइतकं आहे. ते जमिनीवर टेकवून, डाव्या पायानं रेटून दोरी ओढायची, आणि बाण तीन हातांहून थोडासाच कमी. त्याच्याही आधीची एक नोंद सोलापूरकरानं भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये इराणच्या झर्क्सीसनं ग्रीसवर स्वारी केली, तिच्यात हिंदी सैनिक होते. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस त्यांची ओळख एका दमात दोन गोष्टींनी करून देतो : अंगावर झाडापासून केलेलं कापड, म्हणजे आपला कापूस, आणि हातात वेताबांबूचं धनुष्य. अडीच हजार वर्षांपूर्वी आपली ओळख कापूस आणि कमठा!

या दोघांचं नातं आमच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलंय. गादी भरायला पिंजारी दारात यायचा तो खांद्यावर भलंमोठं धनुष्यच टाकून. त्याच्या पिंजणीची तात कापसाच्या ढिगावर धरून लाकडी ठोक्यानं हाणली की ट्यंऽव ट्यंऽव असा आवाज गल्लीभर घुमायचा आणि कापूस फुलून वर यायचा. ताणलेली दोरी बळ साठवते आणि सोडते हे मी शाळेत शिकण्याआधी तिथं उभ्या-उभ्या पाहिलेलं होतं.

आता लाकूड. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराच्या अध्यक्षावर एक प्रकरण आहे. म्हैसूरला आर. शामशास्त्रींच्या हाती त्याची पोथी १९०५ मध्ये लागली आणि १९०९ मध्ये संहिता छापून निघाली, म्हणून आपल्याला हे वाचता येतं. त्यात धनुष्यं चार प्रकारच्या मालाची सांगितली आहेत : ताडाची, चाप नावाच्या बांबूची, लाकडाची आणि शिंगाची. प्रत्येकाला वेगळं नाव, कार्मुक, कोदंड, द्रूण, धनू. दोरीला मूर्वा, अर्क, शण, गवेधु, वेणू किंवा स्नायू. अर्क म्हणजे आपली रुई. अक्कलकोट रस्त्यानं जा नाहीतर विजापूर रस्त्यानं, पडीक रानात दुसरं काही नसलं तरी ती उभी असते. शण म्हणजे आपला ताग. मला या यादीतली सर्वांत आवडणारी गोष्ट ही, की ती एकाच मालाला ‘श्रेष्ठ’ म्हणत नाही. ज्या मुलखात जे मिळेल ते कोठारात येणार, हे लिहिणाऱ्यानं गृहीत धरलंय.

संस्कृतात एका झाडाचं नावच धनुर्वृक्ष आहे. ते आपली धामण. तिचं चिवट, लवचीक लाकूड गाड्यांच्या दांड्यांना आणि कावडीला वापरतात. पण ती जंगलातली, आमच्या कोरड्या माळावर कुठली मिळायला! सातपुड्यातल्या भिल्लांनी हा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेनं सोडवला. धनुष्य बांबूचं, आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच पातळ चोयट्याची. बाजारातून काहीच आणायला नको. आपल्या गावाकडच्या पोरांचा तिरकमठा याच घराण्यातला.

कमान आणि तिरंदाज हे शब्द मात्र फारसीतून आले आणि त्यांच्याबरोबर दरबारी धनुष्यही आलं : आत लाकूड, पोटाला (म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूला) शिंग, पाठीवर (म्हणजे पलीकडच्या बाजूला) स्नायू, सगळं सरसानं डकवलेलं. देखणं आणि जोरकस, पण पावसाळ्यात सरस ओल धरतो. तेवढ्यासाठी हिंदुस्थानात पोलादी धनुष्यंही घडवली गेली. इतकं सांगून तो विषय मी सोडतो, कारण आमच्यात त्याच्या वाटेला जाण्याइतका धीर कुणाकडं नाही.

युरोपातली गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ‘उत्तम लाकूड एकच’ हा समज तिकडून आला. ते लाकूड म्हणजे यू. त्याच्या बाहेरच्या पांढऱ्या थराला ताण सोसतो, आतल्या लालसर गाभ्याला दाब. दोन गुणांचा जोड झाडानंच करून ठेवलेला. इंग्लंडच्या लांब धनुष्यांचा बोलबाला त्याच्यावर उभा होता, पण ते पुरेसं इंग्लंडात नव्हतंच. १४७२ मध्ये कायदा करावा लागला, की बंदरात येणाऱ्या जहाजानं मालाच्या दर टनामागं धनुष्याच्या चार फळ्या आणाव्यात. १५४५ मध्ये बुडालेलं ‘मेरी रोझ’ जहाज १९८२ मध्ये वर काढलं. त्या बुडीत सामानातून १३७ अख्खी धनुष्यं मिळाली. बहुतेकांना ओढायला लागणारं बळ शंभर पाउंडांच्या पुढचं असावं असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आमच्या चिठ्ठीतला ३५ पाउंडांचा खांदा तिथं उभाही राहिला नसता.

पण त्याच युरोपात डेन्मार्कच्या होल्मेगार्डच्या दलदलीत १९४४ मध्ये एक धनुष्य सापडलं, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचं, आणि ते यूचं नाही, एल्मचं आहे. दीड मीटर लांब, बाहू, म्हणजे मुठीच्या दोन्ही अंगांचे वाकणारे भाग, रुंद आणि चपटे. एल्म यूइतका दाब सोसत नाही. करणाऱ्यानं ते ओळखलं आणि ताण रुंदीवर पसरून दिला. हे सूत्र पुढं पुस्तकी चर्चेत मागं पडलं आणि १९३० च्या दशकात अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमनसारख्या अभियंत्यांनी मोजमाप करून नव्यानं मांडलं, की गोलसर पोटाच्या बाहूपेक्षा चपटा बाहू सरस.

त्याआधीचं अमेरिकेतलं एक प्रकरण दुखरं आहे. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात ओरोव्हिल इथं याही जमातीचा इशी नावाचा माणूस एकटाच रानातून बाहेर आला. त्याची माणसं वसाहतवाल्यांनी मारून संपवली होती. त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात ठेवलं. तिथल्या सॅक्स्टन पोप या शल्यविशारदाशी त्याची मैत्री झाली आणि पोप त्याच्याकडून धनुष्य घडवायला, चालवायला शिकला. इशीचं धनुष्य ज्युनिपरचं, आखूड, पाठीवर स्नायू लावलेलं. १९१६ मध्ये इशी गेला. तिथल्या हौशी लाकडी धनुष्याची आधुनिक परंपरा सांगताना पोपचं नाव आधी घेतात. मला वाटतं रांग इशीपासून लावावी.

मग यंत्रयुग आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आलं, आणि १९६६ मध्ये मिसुरीच्या हॉलेस ॲलननं टोकांना चाकं बसवलेल्या कंपाउंड धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९६९ मध्ये ते मिळालं. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक अजिंक्यपद मिळवलं ते याच जातीच्या धनुष्यावर, तेव्हा त्याला नावं ठेवायचं काही कारण नाही. पण ते कारखान्यातून येतं आणि तुमच्या मापावर स्क्रूनं बसवता येतं. आपल्यासाठी दुसऱ्यानं तासत बसावं अशी गरज त्यात उरली नाही. आपल्याकडे इंडियन राउंड या स्पर्धाप्रकारात पोरं अजून बांबू-लाकडाच्या धनुष्यानं खेळतात. तेवढीच एक खिडकी उघडी राहिली.

अदलाबदल सुरू व्हायला वाव मिळाला तो याच्या उलट्या लाटेत. १९८० नंतर अमेरिकेतल्या काही हौशींनी ‘यू आणि (अमेरिकेतलं) ओसेज ऑरेंज सोडून बाकी सगळं सरपण’ हा समज खोडून काढला. हिकरी, ॲश, मेपल, एल्म, परसातलं कुठलंही. बाहू जरा लांब, जरा रुंद ठेवा; होल्मेगार्डचंच सूत्र. लाकूड घराजवळ मिळू लागलं म्हणून करणारे वाढले, आणि ज्याच्या त्याच्या परसातलं लाकूड वेगळं म्हणून अदलाबदलीत गंमत आली. सगळ्यांनी एकच लाकूड वापरलं असतं तर चिठ्ठ्या कशाला टाकल्या असत्या?

यातली हिकरी आमच्या गिरण्यांच्या गावाला परकी नाही. मागावर धोट्याला या बाजूनं त्या बाजूला भिरकावणारी काठी असते. मिनिटाला शंभराच्या वर फटके. वाकायचं, सुटायचं, तडकायचं नाही. पाश्चात्त्य गिरण्यांत ती काठी हिकरीची करत. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ सभासद, आमचे काका, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. त्यांच्या हाती पहिलं अर्धवट धनुष्य दिलं तेव्हा त्यांनी ते टोकाला धरून जमिनीवर हलकेच दाबलं आणि म्हणाले, “सर, हे मारकाठीगत हाय की. एका जागी वाकालंय, तिथंच मोडणार बघा.” मी हसलो. चार दिवसांनी रात्री साडेदहाला, २२ इंचांवर, ते तिथंच मोडलं. आवाजानं शेजारचे गॅलरीत आले. मोडलेल्या जागी करंगळीच्या पेराएवढी गाठ होती. मी ती रंध्यानं सपाट करत पुढं गेलो होतो. “गाठ आली की तिथं थांबायचं असतंय,” काका म्हणाले, “तिला जरा लाकूड जास्त ठेवून वळसा घालून जायचं.”

यामागचा हिशेब असा. बाहू वाकला की पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. बाहूची रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो. जाडी दुप्पट केली तर आठपट. म्हणून बाहू दहा टक्के पातळ झाला की बळ सुमारे २७ टक्क्यांनी उतरतं. तासणी, रंधा, मग कानस आणि शेवटी फुटक्या काचेचा तुकडा, अशी हत्यारं उतरत्या क्रमानं मऊ होत जातात ती याच भीतीनं. आल्प्समधल्या हिमनदीत १९९१ मध्ये सापडलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या ओट्झी या गोठलेल्या माणसाजवळ १.८२ मीटरचं यूचं धनुष्य होतं. त्यावर तासल्याच्या खुणा तशाच आहेत, दोरीच्या खाचाही पाडलेल्या नाहीत. चौदा बाणांपैकी दोनच तयार. आमच्यातला जो कुणी दसऱ्याला अर्धं काम घेऊन येतो, तो हा दाखला देतो.

सोलापुरात आम्ही वापरतो ते असं. बुरुडांकडून निवडून आणलेला लाठीचा भरीव बांबू. त्याचं बळ बाहेरच्या सालीलगतच्या धाग्यांत असतं, म्हणून ती साल पाठीला ठेवायची, तिला हत्यार लावायचं नाही. पोटाला बांधावरची बाभूळ, शेतकऱ्यानं कुळवाच्या दांड्यासाठी तोडलेल्यातली. एकानं चिंच करून पाहिली, एक जण बोरीच्या मागं आहे. इथं वाळवायला वेळ लागत नाही, उलट तीच अडचण. एप्रिलच्या उन्हात ओलं लाकूड टोकांकडून तडकतं. कापल्या कापल्या दोन्ही टोकांना मेण लावायचं आणि पत्र्याखाली नव्हे, माळवदाखाली गारव्याला ठेवायचं. शेवटचा हात जवसाच्या तेलाचा.

माझ्या चिठ्ठीतल्या डावखुऱ्याचं काम सध्या खुंटीवर आहे. त्याचा बाण मुठीच्या उजव्या अंगानं जाणार, म्हणून चामड्याची पट्टी त्या बाजूला चिकटवलीय. २६ इंचांवर काटा ४१ दाखवतो. सहा पाउंड उतरवायचे म्हणजे चौदा मिलिमीटरच्या बाहूतून जेमतेम पाऊण मिलिमीटर. पण श्रावणाची झड लागलीय, लाकडानं ओल धरलीय, काटा आत्ता खरं बोलणार नाही. काच कागदात गुंडाळून ठेवलीय, भाद्रपदाचं ऊन पडेपर्यंत.