संदर्भमुक्त भाषा व त्यांचे संवृत गुणधर्म

संगणनशास्त्रात भाषा म्हणजे ठरावीक चिन्हांपासून बनलेल्या मालिकांचा संच. ‘या चलाच्या जागी अमुक मालिका लिहा’ एवढ्याच स्वरूपाच्या नियमांनी जी भाषा निर्माण होते आणि नियम लावताना त्या चलाच्या आजूबाजूला काय आहे हे पाहावे लागत नाही, ती संदर्भमुक्त भाषा. नोम चॉम्स्की यांनी १९५६ मध्ये ही कल्पना मांडली. अल्गोल ६० पासून प्रोग्रॅमिंग भाषांची वाक्यरचना अशा नियमांनी लिहिली जाऊ लागली. सांगली-साताऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘टीओसी’ (संगणन सिद्धांत) शिकणारी मुले या भाषांचे संवृत गुणधर्म, म्हणजे अमुक क्रिया केल्यावर मिळणारी भाषाही नेहमी संदर्भमुक्तच राहते का याची उत्तरे, बहुधा हो-नाहीच्या तक्त्यासारखे पाठ करतात. त्या तक्त्याचे मूळ एका गोष्टीत आहे, आणि ती कळली की पाठांतराची गरज उरत नाही.

ती गोष्ट म्हणजे स्टॅक. संदर्भमुक्त भाषा ओळखणाऱ्या यंत्राकडे स्मृती म्हणून एकच स्टॅक असतो. शेवटी ठेवलेले चिन्ह आधी बाहेर येते. म्हणून ‘टेप आणा आपटे’सारखी दोन्हीकडून सारखी वाचली जाणारी, हव्या तेवढ्या लांबीची विलोमपदे संदर्भमुक्त ठरतात. ‘हळूहळू’सारखी, कोणतीही मालिका जशीच्या तशी दोनदा घेऊन होणारी भाषा मात्र संदर्भमुक्त नाही.

दोन संदर्भमुक्त भाषांचा संयोग, त्यांची जोडणी, एकीची हवी तितकी पुनरावृत्ती आणि उलटी भाषा या सर्व संदर्भमुक्तच राहतात. सिद्धताही सोपी आहे: दोन्ही व्याकरणांतील चले वेगळी ठेवून वर एक नवे आरंभचल घेतले की संयोग व जोडणीचे काम होते.

छेद घेताना मात्र अडते. सांगली, मिरज, कुपवाड यांची आद्याक्षरे स, म, क ही चिन्हे घेऊ. पहिल्या भाषेत जितके स तितकेच म आणि मागून कितीही क. दुसरीत आधी कितीही स, मग जितके म तितकेच क. दोन्ही संदर्भमुक्त आहेत. छेदात तिन्हींची संख्या समान हवी. स मोजून ठेवलेला स्टॅक म शी जुळवतानाच रिकामा होतो, क साठी काही शिल्लक राहत नाही. हा अंदाज पक्का करते ते बार-हिलेल, पर्लेस व शमीर यांचे १९६१ मधील पंपिंग प्रमेय: संदर्भमुक्त भाषेतील पुरेशा लांब मालिकेचे काही तुकडे हवे तितक्या वेळा पुन्हा लिहिले तरी ती भाषेतच राहते.

पूरक भाषेचेही, म्हणजे मूळ भाषेत नसलेल्या सर्व मालिकांच्या संचाचेही, तसेच. पूरक संवृत असता तर संयोग व द मॉर्गनच्या नियमांवरून (छेद म्हणजे पूरकांच्या संयोगाचा पूरक) छेदही संवृत ठरला असता. याचे थेट उदाहरण अधिक सुंदर आहे. ‘दोनदा तीच मालिका’ या भाषेची पूरक भाषा संदर्भमुक्त आहे: तिच्यात सर्व विषम लांबीच्या मालिका येतात, आणि ज्यांचे मधले चिन्ह भिन्न आहे अशा दोन विषम मालिका जोडून होणाऱ्या सम मालिका येतात.

छेदातील दुसरी भाषा नियमित (मर्यादित स्मृतीच्या यंत्राने ओळखता येणारी) असेल तर संवृतता टिकते, कारण नियमित भाषेच्या यंत्राला स्टॅक लागत नाही. दोन्ही यंत्रे एकाच स्टॅकवर बरोबर चालवता येतात. माझ्या मते व्यवहारात सर्वांत उपयोगी गुणधर्म हाच. स्टुअर्ट शीबर यांनी १९८५ मध्ये स्विस जर्मन संदर्भमुक्त नाही हे दाखवले, ते याच गुणधर्माच्या आधारे: एका समरूपतेने, म्हणजे प्रत्येक शब्दाच्या जागी ठरावीक मालिका ठेवणाऱ्या रूपांतराने, वाक्ये साध्या चिन्हांत उतरवून, त्यांचा नियमित भाषेशी छेद घेऊन.

निर्धारित संदर्भमुक्त भाषांचा, म्हणजे ज्यांच्या यंत्राला कोणत्याही पायरीवर एकाहून अधिक पर्याय नसतात अशांचा, तक्ता वेगळा आहे. त्या पूरकाखाली संवृत आहेत, संयोगाखाली नाहीत.