अमृत कोकम

अमृत कोकम : रातांब्याच्या ताज्या सालींत साखर मुरवून घरोघरी तयार करण्यात येणारा गडद लाल, आंबटगोड पाक. त्यात पाणी, मीठ व जिरेपूड घालून केलेल्या पेयास कोकम सरबत म्हणतात. व्यवहारात ही दोन्ही नावे एकमेकांऐवजी वापरली जातात. काटेकोरपणे बोलायचे तर बरणीत असतो तो अमृत कोकम आणि पेल्यात येते ते सरबत. रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे आणि गोवा हा त्याचा मुख्य प्रदेश होय.

रातांबा हे क्लुसिएसी कुलातील गार्सिनिया इंडिका या सदाहरित वृक्षाचे फळ आहे. ते लिंबाएवढे, कोवळेपणी हिरवे व पिकल्यावर जांभळट लाल होते आणि त्यात पांढऱ्या गरात गुंडाळलेल्या पाच ते आठ बिया असतात. नर व मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येत असल्याने रोपापासून वाढवलेल्या झाडांपैकी सुमारे निम्मी नर निघतात, आणि हे कळायला पहिला मोहोर येईपर्यंत सहा-सात वर्षे थांबावे लागते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ व ‘कोकण हातीस’ या जाती प्रसारित केल्यापासून कलमांची लागवड वाढली आहे. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमास भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

नावाचा प्रश्न बराच गुंतागुंतीचा आहे. कोकणात ताज्या फळाला रातांबा आणि सुकवलेल्या सालीला आमसूल, सोल किंवा कोकम म्हणण्याची रीत असून शहरी मराठीत मात्र झाड, फळ व साल या तिन्हींना ‘कोकम’ हा एकच शब्द पुरतो. ‘रातांबा’ हा ‘राता’ म्हणजे तांबडा आणि ‘आंबा’ यांचा जोड असावा, हे मत ग्राह्य वाटते. कोकणीतील ‘भिरंड’ या शब्दाचा प्रवास अधिक लांबचा आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या औषधिविषयक संवादग्रंथात ‘ब्रिंदांव’ नावाच्या, आतून रक्तासारख्या लाल व अतिशय आंबट फळाचा उल्लेख केला असून त्याच्या साली शिरका करण्यासाठी वापरीत असल्याचे म्हटले आहे. हा शब्द भिरंडावरूनच आला असावा. पुढे त्यावरून ‘ब्रिंडोनिया’ हे प्रजातिनाम घडले, परंतु १८२४ मध्ये श्वाझी याने ही जाती गार्सिनिया प्रजातीत घातल्यावर ते मागे पडले. (गार्सिनिया हे नाव ओर्ताच्या ‘गार्सिया’वरून पडले, असा समज सहज होतो, प्रत्यक्षात ते लोरां गार्सें या निसर्गअभ्यासकाच्या स्मरणार्थ दिलेले आहे.) इंग्रजीत ‘ब्रिंडलबेरी’ हे नाव मलबारी चिंचेला, म्हणजे गार्सिनिया गमी-गटा या वेगळ्या जातीलाही लावले जात असल्यामुळे ओर्ताचे फळ नेमके कोणते, अशी शंका घेता येते. मलबारी चिंच पिवळसर व खोल खाचांची असते आणि ओर्ताने वर्णिलेला गर रक्तवर्णी आहे. हे ध्यानात घेता त्याचे फळ रातांबाच होते, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

आयुर्वेदीय ग्रंथांतील ‘वृक्षाम्ल’ म्हणजे कोकम, हे समीकरण आज सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. तथापि भावप्रकाशात वृक्षाम्लाच्या पर्यायांत ‘तिंतिडीक’ येतो आणि त्या शब्दाचा अर्थ काहींनी चिंच, तर काहींनी हिमालयातील सुमाक वर्गातील झुडूप असा केला आहे. कोकमाचा वृक्ष मुख्यत्वे पश्चिम घाटापुरता मर्यादित असल्याने उत्तरेकडील प्राचीन ग्रंथकारांना सर्वत्र हेच फळ अभिप्रेत असेल, असे धरून चालता येत नाही. सरबताच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून ही वचने देण्याची पद्धत म्हणूनच जपून स्वीकारावी लागते. ‘सरबत’ हा शब्दही पिणे या अर्थाच्या अरबी धातूपासून फार्सीमार्गे मराठीत आलेला आहे. भिजवलेल्या आमसुलांत गूळ घालून केलेले पाणी जुने आणि साखरेत मुरवलेला अमृत कोकम त्यामानाने अलीकडचा, असा क्रम संभवतो. सालींच्या दुप्पट साखर लागणारा पदार्थ साखर स्वस्त व सुलभ होण्यापूर्वी घरोघर होत असणे कठीण आहे.

फळे एप्रिल-मे महिन्यांत तयार होतात. झाडावर पूर्ण लाल झालेली फळेच घ्यावी लागतात आणि पावसाची पहिली सर येण्याआधी काम उरकावे लागते, कारण भिजलेले फळ लवकर नासते. फळे धुऊन, कोरडी पुसून, मधोमध कापतात आणि बिया गरासह काढून टाकतात. सालीच्या वाट्यांत साखर भरून त्या चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत एकावर एक रचतात आणि वर पुन्हा साखरेचा थर देतात. प्रमाण वजनाने एक भाग सालीस दोन भाग साखर असे असते. तोंडाला दादरा बांधून बरणी सात-आठ दिवस उन्हात ठेवतात व रोज कोरड्या लाकडी चमच्याने ढवळतात. तळाशी बसलेली साखर खरवडली जाईपर्यंत ढवळणे महत्त्वाचे असते. ते चुकल्यास वरचा पातळ थर आंबतो आणि बरणीला दारूसारखा वास येतो. साखर पूर्ण विरघळून साली मऊ व किंचित पारदर्शक झाल्या की पाक गाळून कोरड्या बाटल्यांत भरतात. मीठ व जिरेपूड काही घरांत पाकातच घालतात, काही घरांत पेल्यात. पिताना एक भाग पाकास पाच ते सहा भाग थंड पाणी घेतात. पाक दुधात घातल्यास दूध फाटते. नारळाच्या दुधाच्या सोलकढीसाठी साखरेचा पाक चालत नाही, तिथे मिठात मुरवलेले आगळ किंवा आमसुलेच लागतात.

या कृतीत फळ पिळले किंवा वाटले जात नाही. साखरेमुळे सालीतील रस तर्षणाने, म्हणजे पेशींच्या पातळ पटलातून दाट द्रावाकडे पाणी झिरपण्याच्या क्रियेने, बाहेर ओढला जातो आणि त्याच साखरेमुळे पाकातील पाणी सूक्ष्मजीवांना मिळेनासे होते. म्हणून परिरक्षक न घालताही तो टिकतो. विक्रीसाठी केलेल्या पाकात सोडियम बेंझोएट घालतात. सालीचा आंबटपणा प्रामुख्याने हायड्रॉक्सिसिट्रिक अम्लाचा असतो. या अम्लाची निश्चिती लुईस व नीलकंठन यांनी १९६५ मध्ये मलबारी चिंचेच्या फळांवरील अभ्यासात केली. वजन घटवण्याच्या गोळ्यांमुळे त्याला पुढे जी प्रसिद्धी मिळाली, तिचा एक पेला सरबताशी संबंध जोडणे योग्य नव्हे. त्या पेल्यात साखरच पुष्कळ असते. लाल रंग अँथोसायनिन वर्गातील द्रव्यांचा असून अम्लात तो खुलतो, उष्णता व प्रकाश यांनी मात्र फिका पडत जातो. त्यामुळे आठवडाभर ऊन देण्याची रूढ पद्धत रंगाच्या दृष्टीने तोट्याची ठरते आणि सावलीतही साखर विरघळतेच. पण उन्हाशिवाय मुरलेल्या पाकाला ती चव नाही, असे कोकणातील जाणत्या बायका ठामपणे सांगतात. वर्षभरात घरचा पाक तपकिरीकडे झुकतो. पुढच्या गुढीपाडव्यालाही लालभडक राहिलेल्या बाटलीत बाहेरचा रंग असण्याचा संशय घ्यायला जागा असते. लोखंड, तांबे व पितळ यांची भांडी अम्लामुळे वर्ज्य मानली जातात.

कर्नाटकाच्या किनारी भागात याच फळाचे पेय ‘पुनर्पुळी’ या नावाने प्रचलित आहे.

पाक गाळल्यावर उरलेल्या साली टाकत नाहीत. त्या वाळवून मुलांना चघळायला देतात किंवा आमटीत घालतात. बियांपासून निघणारे घट्ट कोकमतेल थंडीत फुटलेल्या टाचांना लावतात.