पड ठेवण्याचं भाडं

अमेरिकेत आयोवा किंवा कॅन्ससच्या ग्रामीण काउंट्यांमध्ये (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) काही शेतकऱ्यांना सरकार दरवर्षी भाडं देतं, ते शेत न नांगरण्याबद्दल. 1985च्या शेती कायद्यातून ही योजना आली. तिचं नाव कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम. करार 10 ते 15 वर्षांचा, आणि तेवढा काळ जमिनीवर गवत किंवा झाडं राखायची.

जमीन निवडताना धूप निर्देशांक, म्हणजे माती किती सहज वाहून जाईल याचा आकडा, पाहतात. पावसाचा मारा, मातीचा धुपण्याचा स्वभाव आणि उतार यांचा गुणाकार करायचा आणि त्या मातीला वर्षाला सोसेल एवढ्या धुपीने भागायचं. उत्तर 8 किंवा जास्त आलं, की जमीन अति धूपप्रवण. या गणितात पीक आणि मशागत धरतच नाहीत, ही त्यातली हुशारी; मुद्दाम वाईट नांगरून कुणाला पात्र ठरता येत नाही. सोसवणारी धूप जास्तीत जास्त एकरी 5 अमेरिकी टन, म्हणजे सुमारे साडेचार हजार किलो. एवढी माती एकरभर पसरली तरी थर मिलिमीटरभरही होत नाही. म्हणूनच वर्षानुवर्षं माती जाते आणि बांधावर उभ्या माणसाला पत्ता लागत नाही.

अर्ज काउंटीतल्या फार्म सर्व्हिस एजन्सी या सरकारी शेती खात्याच्या कचेरीत. सर्वसाधारण नोंदणीत वन्यजीव, पाणी, धूप, हवा अशा निकषांवर गुण मिळतात. भाडं कमी मागितलं तरी गुण वाढतात. एका काउंटीतली 25 टक्क्यांहून जास्त लागवडीची जमीन सहसा घेत नाहीत, कारण बियाण्याचं दुकान, ट्रॅक्टरचं गॅरेज आणि धान्याची कोठारं पेरलेल्या एकरांवरच जगतात.

गडबड होते ती पेरणीत. बिग ब्लूस्टेम, इंडियनग्रास या तिथल्या मूळच्या गवतांचं बी कुसळांचं, फुसफुशीत; साध्या पेरणीयंत्रात ते नळीत अडकतं. आत ढवळणारी पेटी असलेलं यंत्रच लागतं. खोली 6 ते 12 मिलिमीटर, त्याखाली गेलेलं बी सहसा वर येत नाही. जमीन इतकी दाबलेली हवी, की बुटाची टाच फार रुतू नये. बी मोजायचं ते जिवंत शुद्ध बियाण्याच्या हिशेबाने: शुद्धता 80 टक्के आणि उगवण 75 टक्के असेल, तर 10 किलोच्या पोत्यात कामाचं बी 6 किलोच. मिश्रणही तपासून घ्यावं. 2016 साली आयोवात अशाच मिश्रणांतून पामर ॲमरँथ नावाचं तण शेतांत शिरलं. आपल्या राजगिऱ्याचं भावंड, एका झाडाला लाखो बिया.

पहिल्या वर्षी गवत मुळं वाढवतं आणि वर नुसतं तण दिसतं. पेरणी फसली म्हणून पुन्हा नांगर घालू नये. तण बी धरण्याआधी वीतभर उंचीवर कापावं. गवत बसल्यावर मात्र पक्ष्यांच्या अंडी घालण्याच्या हंगामात कापणीला बंदी असते.

करार मध्येच मोडला तर घेतलेलं सगळं भाडं व्याजासह परत, वर एका वर्षाच्या भाड्याच्या 25 टक्के भरपाई. करार संपला, की बंधन संपलं. 2007 साली योजनेत 3.68 कोटी एकर होते. मक्याचा भाव चढला आणि दहा वर्षांत ते अडीच कोटींच्या खाली आले. गवताखाली साठलेला सेंद्रिय कर्ब नांगरताच हवेशी भिडतो आणि सूक्ष्मजीव तो झपाट्याने फस्त करतात. पीक घ्यायचंच असेल, तर शरद ऋतूत तणनाशकाने गवत मारून वसंतात न नांगरता पेरावं, आणि पहिलं पीक मक्यापेक्षा सोयाबीन बरं: कुजणारं गवत जमिनीतला नत्र अडकवून ठेवतं, सोयाबीन मात्र स्वतःचा नत्र स्वतः मिळवतं.