थांबायचं कुठे, हे फोन सांगत नाही

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद, ते साडेआठपर्यंत. मुलांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी वाचायचं किंवा गप्पा मारायच्या. बातम्यांमध्ये या उपक्रमाचं बरंच कौतुक झालं. मला त्यात सगळ्यात शहाणपणाचं वाटलं ते हे, की भोंगा सगळ्यांसाठी होता. आईची मालिका बंद, बाबांचं व्हॉट्सॲप बंद. आणि ‘ठेव तो फोन’ असं ओरडायची पाळी घरात कुणावरच येत नव्हती.

मूल फोन सोडत नाही, याला आपण सरसकट हट्टीपणा म्हणतो. पण कुठलीही गोष्ट थांबवायला मेंदूला एखादी खूण लागते. गोष्टीचं पुस्तक संपतं. दूरदर्शनवरचा कार्यक्रम संपून बातम्या लागल्या की पोरं न सांगता उठून खेळायला पळायची. फोनमधून ही खूणच काढून टाकली आहे. अझा रास्किन या अमेरिकी डिझायनरने २००६ मध्ये पान कधी संपूच नये अशी सोय तयार केली, तिला ‘इन्फिनिट स्क्रोल’ म्हणतात. पुढे या सोयीबद्दल त्यानेच जाहीरपणे खंत व्यक्त केली. एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू करणारा ऑटोप्ले हा त्याच जातीचा.

त्यात भर पडते ती अनिश्चित बक्षिसाची. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला, की कबुतर कळ टोचतच राहतं. दाणा यायचा थांबला तरी लवकर नाद सोडत नाही. चार रील कंटाळवाण्या आणि पाचवी भन्नाट, हा हिशेब तोच आहे. मोहाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण पक्व व्हायला वयाची पंचविशी उजाडते. म्हणजे सामना मुळातच बरोबरीचा नाही. (चाळिशीतले आपण तरी कुठे जिंकतो!)

मग करायचं काय? वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या घरी स्क्रीन बंद करतानाच्या प्रसंगांच्या नोंदी पालकांकडून ठेवून घेतल्या. ‘दोन मिनिटांत बंद कर हं’ अशी आधी सूचना दिली की रडारड वाढत होती. याउलट भाग आपोआप संपला, किंवा ती रोजची ठरलेली वेळ असली, तर मुलं बरीच सहज उठत होती. अभ्यास लहान आहे, त्याला ब्रह्मवाक्य मानू नये. पण विचार केला तर पटतं. चार वर्षांच्या मुलाला दोन मिनिटं म्हणजे किती, हे कुठे कळतं? त्याला ‘दोन भाग’ कळतात. म्हणून वीस मिनिटांच्या बोलीपेक्षा ‘दोन भाग झाले की जेवायला’ ही बोली बरी. आणि त्याआधी ऑटोप्ले बंद करायचा, म्हणजे दुसरा भाग संपल्यावर पडदा खरोखर थांबतो.

रात्रीची गोष्ट वेगळी. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशींमध्ये मेलॅनोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाला ते सर्वाधिक प्रतिसाद देतं आणि मेंदूला ‘अजून दिवस आहे’ असं कळवतं. झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन मग उशिरा वाढतं. मुलांच्या डोळ्यातली बाहुली मोठी आणि नेत्रभिंग जास्त पारदर्शक, त्यामुळे तेवढाच उजेड त्यांना जास्त भोवतो. सगळ्या घराचे फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला लावायचे, हा साधा उपाय. सगळ्या म्हणजे आई-बाबांचेसुद्धा. ‘मला गजर लागतो’ ही सबब असेल तर गजराचं घड्याळ आणावं.

चष्म्याबद्दलही एक सांगण्याजोगं आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात काही शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक तास उघड्यावर घेतला. तीन वर्षांनी २०१५ मध्ये निष्कर्ष आले: एरवीच्या शाळांत सुमारे ४० टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी (लांबचं धूसर दिसणं) आली होती, या शाळांत सुमारे ३० टक्के. उन्हाच्या उजेडाचा हा परिणाम असावा, असं मानतात. तेव्हा नुसता फोन काढून घेऊन मूल घरातच बसवलं, तर डोळ्यांचा अर्धाच फायदा.

राहिला धोक्याचा भाग. अनोळखी माणूस गेममधल्या चॅटवर फोटो मागतो, कुणी ओटीपी विचारतं, कुणी धमकावतं. अशा वेळी मूल गप्प बसतं, कारण सांगितलं तर आधी फोन जप्त होईल अशी त्याला धास्ती असते. ही धास्ती आधीच काढून टाकावी. ‘काहीही झालं तरी सांग, त्यासाठी फोन काढून घेणार नाही’ असं शांत वेळी बोलून ठेवायचं, आणि वेळ आली की शब्द पाळायचा. समोरच्याला ब्लॉक करण्याआधी संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्यावेत, पुरावा म्हणून लागतात. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. पैसे गेले असतील, तर कुणाची चूक यावर वाद घालत बसू नये, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावावा; जितका उशीर, तितके पैसे पुढच्या-पुढच्या खात्यांत सरकत जातात.