आम्ल रोखणाऱ्या गोळ्या: अल्सरपासून जळजळीपर्यंत

सकाळी उपाशीपोटी ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलची एक गोळी आणि अर्ध्या तासाने चहा, हा क्रम आपल्याकडे कित्येक घरांत वर्षानुवर्षं चालू आहे. छातीतली जळजळ, घशाशी आंबट येणं यांवर या गोळ्यांचा गुण चांगला येतो. मात्र या औषधांचा शोध सुरू झाला तो अल्सरसाठी, म्हणजे जठराच्या किंवा आतड्याच्या आतल्या जखमेसाठी.

जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं हे लंडनच्या विल्यम प्राउट यांनी 1824 मध्ये दाखवलं. पुढे ‘आम्ल नाही तर अल्सर नाही’ हे सूत्रच झालं. शिकागोचे डॉक्टर सिप्पी 1915 च्या सुमारास रुग्णांना तासातासाला दूध-साय आणि क्षारांची पूड देत. त्याने भागलं नाही तर जठराचा भाग कापायचा किंवा त्याकडे जाणारा मज्जातंतू तोडायचा.

आम्ल तयार होण्याआधीच थांबवण्याची वाट औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी काढली. हिस्टामिन या शरीरातल्या रसायनामुळे आम्ल वाढतं, पण हिस्टामिनला अडवणारी तेव्हाची ॲलर्जीची औषधं हे आम्ल रोखत नव्हती. म्हणजे हिस्टामिन जठरात पेशीवरच्या वेगळ्याच ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटत असणार, असं धरून इंग्लंडमध्ये 1964 पासून काम सुरू झालं. पहिलं औषध तोंडावाटे नीट शोषलं जाईना. दुसऱ्याने काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घटल्या. रेणूचा एक तुकडा बदलून तिसरं औषध बनलं, ते सिमेटिडिन. ते 1976 मध्ये बाजारात आलं. या चिकाटीचं मला फार मोल वाटतं. ब्लॅक यांना 1988 मध्ये नोबेल मिळालं.

त्याच वर्षी स्वीडनमधून ओमेप्राझोल आलं. ते आम्ल बाहेर टाकणारा पंपच बंद पाडतं. चालू असलेल्या पंपालाच ते चिकटतं आणि पंप चालू होतात जेवणाने, म्हणून गोळी जेवणाआधी. भारतात 1970 च्या कायद्यानुसार औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, त्यामुळे इथल्या कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या लवकरच गावोगावी पोचल्या.

दरम्यान बहुतेक अल्सरच्या मुळाशी जिवाणू असतो, हे ऑस्ट्रेलियातल्या मार्शल आणि वॉरन यांनी दाखवलं. आठवडा-दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिक्सनी अल्सर बरा होऊ लागला. जळजळीचं तसं नाही. तिथे दोष अन्ननलिकेच्या खालच्या झडपेत असतो. गोळीने आम्ल घटतं, झडप सैलच राहते, म्हणून गोळी थांबवली की त्रास परततो. शिवाय एकदम थांबवल्यास काही आठवडे आम्ल उसळतं. 2009 च्या एका डॅनिश अभ्यासात निरोगी माणसांनाही आठ आठवड्यांच्या गोळ्या बंद केल्यावर जळजळ झाली होती.

दीर्घकाळ घेतल्यास मॅग्नेशियम आणि बी-12 कमी होऊ शकतं. म्हणून साध्या जळजळीसाठी साधारण आठ आठवडे गोळी देऊन मग डॉक्टर मात्रा उतरवून पाहतात. अन्ननलिकेला मोठ्या जखमा असलेल्यांनी किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत पोटाच्या संरक्षणासाठी ही गोळी घेणाऱ्यांनी ती स्वतःहून बंद करू नये.