भरणं वेगळं, ओढणं वेगळं: जुनी पिकअप ट्रॉलीसाठी घेताना

“सव्वा टन घेऊन गगनबावडा चढते, मग छोटी ट्रॉली काय जड आहे?” जुन्या पिकअपच्या सौद्यात हे हमखास ऐकू येतं. पण हौद्यातलं वजन पाट्यांवर (चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांवर), मागच्या अ‍ॅक्सलवर आणि टायरवर बसतं. ओढलेलं वजन क्लचवर, डिफरन्शियलवर (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यावर), चासीच्या शेवटच्या आडव्या पट्टीवर आणि उताराला ब्रेकवर येतं.

भरायची क्षमता आरसीवरून निघते: भरलेल्या गाडीचं वजन वजा रिकामं वजन. समजा २,९०० आणि १,६०० लिहिलंय, तर १,३०० किलो उरतात. आरसीतल्या रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरलेला नसतो, म्हणून माणसंही या १,३०० मध्येच मोजायची. नंतर चढवलेली जाळी, जाड पत्राही त्यातूनच जातो. शिरोली एमआयडीसीकडे गेलात की रिकामी गाडी एकदा वजनकाट्यावर घाला.

ओढायची क्षमता अशा वजाबाकीने निघत नाही. ती कंपनीच्या पुस्तिकेत बघावी लागते. ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरचे आकडे वेगळे असू शकतात. आकडाच नसेल तर ट्रॉली जोडू नये, हे आमचं स्पष्ट मत. बंपरखालचा हुक बंद गाडी ओढून न्यायला असतो, रोजच्या ट्रॉलीला नव्हे.

दोन्ही हिशेब जोडणीवर एकत्र येतात. एका अ‍ॅक्सलच्या ८०० किलोच्या ट्रॉलीचा साधारण १० टक्के भार, म्हणजे ८० किलो, गाडीवर दाबतो. हौद्यात १,१५० किलो माल आणि केबिनमध्ये १४० किलोची दोन माणसं असतील तर जागा फक्त १० किलोची. ७० किलो उतरवावेच लागतात. शिवाय जोडणी मागच्या चाकांच्याही मागे असल्याने पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल लागतं. त्यावर उपाय म्हणून ट्रॉलीतला माल मागे सरकवला तर ट्रॉली डावी-उजवी झोकांड्या खाते, आणि ते जास्त घातक.

गाडी बघताना जादा पाटा घातलेला दिसला तर भुलू नका. त्याने मागची बाजू बसत नाही एवढंच. अ‍ॅक्सल, ब्रेक, चासी तीच राहते. उलट गाडी कायम जादा भरली जात होती, असा संशय घ्यावा. शेवटच्या आडव्या पट्टीच्या रिबिटांजवळ भेगा किंवा वेल्डिंगची ठिगळं शोधा. चढाला वरच्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबा: इंजिनाचा आवाज चढला पण वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. डिफरन्शियलच्या तेलात लोखंडाचे मोठे कण आले तर सौदा सोडलेला बरा.

ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर करूळ घाट उतरताना ते ८०० किलोही पिकअपच्याच ब्रेकने थांबवायचे असतात. चढताना लागतो त्याच खालच्या गिअरमध्ये उतरा. ट्रॉलीची नोंदणी वेगळी लागते, तिचेही कागद सौद्याआधीच मागून घ्या.